तिच्या नावाची चिठ्ठी

आमच्या चर्चच्या गल्लीत चष्म्याचं दुकान आहे. चालवणाऱ्याला सगळे भिंगवाले म्हणतात. दोघं बसले तर तिसऱ्याने उभंच राहावं, एवढीशी खोली. काउंटरवर मखमलीचा तुकडा, त्यावर मोहरीएवढे स्क्रू, मागे काचा घासायचं यंत्र. माणूस हाताचा पक्का आणि तोंडाचा त्याहून पक्का. गिऱ्हाइकाच्या नाकावर फ्रेम बसवता बसवता दहा गोष्टी सांगणार, त्यातल्या आठ बायकोच्या.

बायको जाऊन चार वर्षं झाली होती. पण त्यांच्या बोलण्यात ती गेलेलीच नव्हती. तिची जणू बदली झाली होती, तीही बढती मिळून. स्क्रू हरवला, यंत्र अडलं, मुलीची मुलाखत असली की हे डोळे मिटून म्हणत, "अगं, बघ ना जरा." काम झालं की गल्लीभर सांगत, "आमचा वशिला थेट देवाच्या घरात आहे."

यात कुणाला काही वावगं वाटत नसे. आपलं गेलेलं माणूस देवाजवळ असेल, तर त्याला दोन शब्द टाकायला सांगावेत, हे आमच्याकडे घरोघरी चालतं. फक्त एवढंच, की भिंगवाल्यांनी तिच्याकडे सतत मागितलं, तिच्यासाठी कधीच काही मागितलं नाही. चार वर्षांत तिच्या आत्म्यासाठी चर्चमध्ये एक मिस्सासुद्धा, म्हणजे फादरांनी करायची उपासना, सांगितली नाही.

नोव्हेंबरात आम्ही मृतांची नावं चिठ्ठीवर लिहून वेदीपुढच्या टोपलीत ठेवतो. महिनाभर त्यांच्या आत्म्यांसाठी प्रार्थना होते. त्या रविवारी मिस्सा संपल्यावर निवृत्त शिक्षिकाबाई दारात चिठ्ठ्या वाटत होत्या. भिंगवाल्यांनी चिठ्ठी परत त्यांच्या हातात ठेवली.

"बाई, ही गरजवंतांना द्या. स्वर्गाच्या अलीकडे, पापं धुवायला शुद्धिस्थानात अडकलेल्यांसाठी आहे ना? आमची ही कुठेही न थांबता वर गेली. तिच्यासाठी प्रार्थना म्हणजे तिचा अपमान."

आजूबाजूचे हसले. त्यांची धाकटी मेव्हणी दोन पावलांवर उभी होती. ती हसली नाही.

सोमवारी सकाळी ती चष्म्याची सैल झालेली काडी घेऊन दुकानात आली.

"भावोजी, काल बोललात ते बरं नाही केलंत."

"काय वाईट बोललो? तुझ्या बहिणीची स्तुतीच केली की."

"जन्मभर स्तुतीच केलीत. म्हणून तर तिला तुमच्याशी बोलता आलं नाही."

भिंगवाल्यांनी हातातला स्क्रूड्रायव्हर खाली ठेवला.

"शेवटच्या आठवड्यात तिने माझा हात धरला," मेव्हणी म्हणाली. "म्हणाली, माझ्यासाठी प्रार्थना करत राहा. ह्यांना सांगून पाहिलं, ह्यांनी हसण्यावारी नेलं."

"मी? मी कधी..." असं म्हणता म्हणता त्यांना आठवलं. हॉस्पिटलातली दुपार. ती उशीवरून मान वळवून म्हणाली होती, "मी गेल्यावर माझ्यासाठी प्रार्थना कराल ना? आईच्या वेळी मी..." आणि ह्यांनी तिला पुढे बोलूच दिलं नव्हतं. "तुला कसली प्रार्थना? तू संतीण! उलट तूच आमच्यासाठी कर." सलाइन बदलणारी नर्सही हसली होती. बायकोने खिडकीकडे तोंड फिरवलं होतं. ती समाधानाने झोपली, असं त्यांना तेव्हा वाटलं होतं. ही गोष्ट त्यांनी कौतुकाने कितीतरी जणांना सांगितलीही होती.

"आईच्या वेळी काय झालं होतं?" त्यांनी विचारलं.

मेव्हणी त्यांच्याकडे बघतच राहिली. "खरंच आठवत नाही? ह्या दुकानाचं उद्घाटन चार दिवसांवर होतं. आईचं कठीण आहे, असा माझा फोन आला. तुम्ही म्हणालात, उद्घाटन उरकलं की दोघं जाऊ. तिसऱ्या दिवशी आई गेली. शेवटपर्यंत ताईचं नाव घेत होती."

"म्हणजे मी अडवलं तिला."

"तुम्ही अडवलंतच. पण तिला खात होतं ते वेगळंच. ती म्हणायची, मलाही राहायचं होतं गं. नवं दुकान, नवे कपडे, पाहुणे... मी हौसेने राहिले. एवढंच कुणाजवळ तरी बोलायचं होतं तिला. तुमच्याजवळ कसं बोलणार? तुम्ही तिला आधीच देव्हाऱ्यात बसवलेलं."

मेव्हणी गेली. काडी दुरुस्त करायची राहूनच गेली. भिंगवाल्यांना मान वर करून रस्त्याकडे बघवेना. ह्याच काउंटरमागे उभं राहून त्यांनी तिचे गोडवे गायले होते, आणि ह्याच दुकानापायी ती आईला मुकली होती.

दुपारी ते फादरांकडे गेले. फादर शिडीवर चढून पंख्याची पाती पुसत होते. भिंगवाल्यांनी खालूनच सगळं सांगून टाकलं. फादर फडकं हातात घेऊन खाली उतरले.

"आता तिच्याकडे काही मागायचं तोंड नाही मला," भिंगवाले म्हणाले.

"मागण्यात चूक नव्हती. पण कोण कुठवर पोचलंय ते आपल्याला कळत नाही. म्हणून आपण सगळ्यांसाठी प्रार्थना करतो. ती पोचली असेल, तर तुमची प्रार्थना वाया नाही जाणार, दुसऱ्या कुणाच्या तरी उपयोगी पडेल."

"आणि पोचली नसेल तर? चार वर्षं वाट बघत असेल तर?"

फादरांनी फडक्याची घडी करून ते शिडीवर ठेवलं. "तर आजपासून सुरू करा," ते म्हणाले.

पुढच्या रविवारी भिंगवाले चिठ्ठ्यांच्या रांगेत उभे राहिले. चिठ्ठीवर बायकोचं नाव होतं, त्याखाली सासूचं. शिक्षिकाबाईंनी चष्म्यावरून पाहिलं. "काय हो, तुमची तर केव्हाच वर पोचली होती ना?"

मागच्यांनी कान टवकारले. भिंगवाल्यांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. एरवी त्यांना शब्द शोधावा लागत नसे.

"ते मीच ठरवलं होतं, बाई," ते म्हणाले. "तिला विचारलं नव्हतं."

त्याच महिन्यात मेव्हणीला घेऊन ते पाच तासांचा बसचा प्रवास करून सासूच्या कबरीवर गेले. अंत्यविधीनंतर पहिल्यांदाच. कबरीवर गवत गुडघ्याएवढं वाढलं होतं. त्यांनी ते हातानेच उपटलं, बोटांना कापलं तरी थांबले नाहीत. मृतांसाठीची प्रार्थना त्यांना धड पाठ नव्हती. "हे प्रभू, त्यांना..." इथेच ते अडले. मेव्हणीने पुढचे शब्द सांगितले, "सार्वकालिक विश्रांती दे," आणि ते शाळेतल्या मुलासारखे तिच्यामागून म्हणत गेले. एकदा सासूसाठी, एकदा बायकोसाठी.

मग ते मेव्हणीला म्हणाले, "तू जरा पुढे हो."

ती फाटकापाशी जाऊन थांबली. तिला तिथून ऐकू आलं ते एवढंच: "आई, ती येणार होती. मी अडवलं. तिच्यावर राग धरू नका." पुढचं त्यांनी इतक्या हळू सांगितलं, की तिला काही कळलं नाही. बराच वेळ ते मान खाली घालून बोलत होते. परतीची बस चुकली. दुसरी येईपर्यंत दोघं स्टँडवरच्या बाकावर बसून राहिली. मेव्हणी आईच्या आठवणी सांगत होती. भिंगवाले ऐकत होते, आणि एकदाही मध्ये बोलले नाहीत.