मसाजीच्या दोन खुणा

माझ्या भावाला, मसाजीला, गाव दगडाच्या काळजाचा म्हणायचं. "साऱ्या तालुक्याला जागा दावत फिरला, अन् सोताच्या बायकोला दावली न्हाई," असं पारावर बसून बोलायचे. बोलणारे बहुतेक मेले, उरले त्यांच्या तोंडात दात न्हाईत, तरी जीभ काही थांबत न्हाई. अरे मुडद्यांनो, तुमाला काय ठावं? मी त्याच घरात व्हते. माझा मालक पटकीत गेला अन् एकोणिसाव्या वर्षी मी पंचफुला माहेरी परत आले, ती कायमचीच. मी सांगते ते ऐका.

आमचं गाव सेनगावच्या पल्याड, वऱ्हाडाच्या शिवंला लागून. तवा निजामाचं राज्य, अन् तालुका हिंगोली. आमी धनगर. मेंढरं व्हती, चार एकर मुरमाड रान व्हतं. दादा मेंढरांमागं हिंडूनच मोठा झाला, म्हणून शिवार त्याला तळहातावानी पाठ. पण त्याची एक खोड व्हती. जागा कोणतीबी असो, दोन खुणा बघितल्याबिगर तो बोट दावत न्हवता. "एका खुणेवर जागा सापडत न्हाई, पंचे. एक खूण इकडली, एक तिकडली. दोन्हीकडं मान वळवायची, मंग पाऊल टाकायचं." रानात कुणाचा विळा राहिला तरी हा आधी लिंबाकडं बघायचा, मंग विहिरीकडं, अन् मंग सरळ जाऊन विळा उचलायचा. माझी भावजय बनाबाई हसून हसून लोळायची. "आवं, चुलीजवळचं मीठ दावायला बी दोन खुणा लागतात का तुमाला?" म्हणायची. तवा ती हसत व्हती.

त्यांना एक लेक झाली. मंजुळा. आठ महिन्यांची झाली, दोन दात आले, अन् डांग्या खोकल्यानं धरलं. पाच दिवस नुसती ढास. सहाव्या दिवशी ढास थांबली. आमाला वाटलं उतार पडला. कसला उतार!

लहान लेकराला जाळत न्हाईत, मातीआड करतात. अन् आमच्यात असं हाय का, बापानं एकट्यानं न्यायचं, अन् जागा आईला सांगायची न्हाई. आईला जागा कळली की तिचे पाय तिकडंच वळतात, लेकरू तिचा पदर सोडत न्हाई, अन् पुढं कूस उजवत न्हाई, म्हणतात. त्या जागंचं नाव बी तोंडातून काढायचं न्हाई. दादा लेकराला धडप्यात गुंडाळून गेला अन् दिवस कलायच्या आत माघारी आला. हात धुतले. बनावैनीनं इचारलं, "कुटं ठिवली?" तो गोठ्याकडं वळला. म्या तिला आत नेलं.

त्याच्या दुसऱ्या-तिसऱ्या साली मोजणी आली. मोजणीदार साहेब, झेंड्या, लोखंडाची साखळी. साखळी ओढायला शिवार ठावं असलेला माणूस पायजे व्हता, पाटलानं दादाला दिला. दीड महिना त्यानं साखळी ओढली. एक दिवस साखळी पांगऱ्या ओढ्याच्या वळणाला आली, अन् बराबर त्या जागंवरून गेली. दादानं काय केलं, साखळी हातावर उचलून धरली. लेकराच्या अंगावरून लोखंड घसटू नये म्हणून. साहेब लांबून ओरडला, "नीचे रखो! नाप गलत होगा!" दादानं खाली टेकवली. साहेबानं जवळ येऊन इचारलं, इथं काही हाय का, देऊळ, कबर, झाड, काहीबी? त्याला कागदावर खूण करायची व्हती.

आता तुमीच सांगा, काय बोलावं त्यानं? नाव काढायचं न्हाई, हे रीत सांगती. अन् बनावैनी तवा अठ्ठावीसची, अजून आस व्हती. दादा म्हणला, "कुछ नहीं सरकार. पडीत है." साहेबानं कागद पुढं केला, दादानं अंगठा उठवला. हे सारं त्यानं मला लई मागून सांगितलं.

साहेबाला दादाचं काम पटलं. त्याच्या शिफारशीनं दादा हिंगोलीच्या कचेरीत नकाशाच्या खोलीवर शिपाई लागला. खोलीत फळ्यांवर फळ्या, अन् त्यावर तालुक्यातल्या गावागावाचे नकाशे गुंडाळून ठिवलेले. कपड्यावर डकवलेला कागद. दादाला अक्षर येत न्हवतं, पण ओढ्याचं वळण बघून गाव ओळखायचा. उन्हाळ्यात नकाशांना ऊन दावायचा, कसर लागू नये म्हणून मधी लिंबाचा पाला घालायचा. लोक लांबून लांबून यायचे, भाऊबंदकीची भांडणं घेऊन. "मसाजी, आमचा बांध कुटं हाय ते दाव बाबा." दादा नकाशा उलगडायचा, चार कोपऱ्यांवर चार खडे ठिवायचा, एक खूण बघायचा, दुसरी बघायचा, मंग बोट टेकवायचा. त्यानं बोट टेकवलं का भांडण मिटलं. कारकुनापरीस त्याच्यावर लोकांचा इस्वास.

अन् घरी? घरी बाजाराच्या दिवशी यायचा. बनावैनी भाकर वाढायची अन् एकच गोष्ट इचारायची. "जागा नका सांगू. नुसती दिशा दावा. उगवती का मावळती?" तो खाली मान घालून जेवायचा. कधी म्हणायचा, "तुझ्याच भल्याचं हाय." भलं! कुशीत काही आलं न्हाई ते न्हाईच. वर्षामागून वर्ष गेलं.

एकदा ती माझ्यासंगं हिंगोलीच्या बाजाराला आली, अन् मला न सांगता थेट कचेरीत घुसली. मी मागं पळाले. नकाशाच्या खोलीत उभी राहून म्हणती कशी, "आपल्या गावाचा काढा." दादानं काढला. उलगडला. चार खडे ठिवले. तिनं साऱ्या कागदावरून नजर फिरवली. "समद्यांला दावता ना? मंग ठिवा बोट. कुटं हाय माझी मंजुळा?"

दादाचं तोंड असं झालं का मला बघवंना. म्हणला, "ह्यात न्हाई ती." अन् खडे उचलून नकाशा गुंडाळला. वैनीला वाटलं, हा टाळून राहिला. पण तो खरं बोलून राहिला व्हता. त्या कागदात ती न्हवतीच. त्यानंच अंगठा दिला व्हता ना!

मंग आला तलाव. दुसरी मोठी लढाई चालू व्हती त्या सालांत, आमच्या पांगऱ्या ओढ्यावर बांध घालायचं ठरलं. परगावचा इंजनेर कचेरीत आला अन् आमच्या गावाचा नकाशा मागितला. काढून कुणी दिला? दादानंच. इंजनेरानं पेन्सिलीनं पाण्याची रेघ मारली, अन् ओढ्याचं वळण रेघेच्या आत गेलं. इंजनेर चांगला माणूस व्हता, त्यानं आपणहून इचारलं, "ह्या कोपऱ्यात कुणाची समाधी, थडगं तर न्हाई ना? असलं तर बांध खाली सरकवता येईल." दादा बारा वर्षांत पयल्यांदा त्या जागंचं बोलला. "एक लेकरू हाय, सरकार."

इंजनेरानं नकाशा निरखला. "इथं तर काही न्हाई. पडीक लिहिलंय." मोजणीचा जुना कागद मागवला, त्याच्याखाली अंगठा. "हा कुणाचा?"

"माझाच, सरकार," दादा म्हणला.

त्यावर इंजनेर तरी काय करणार? एका शिपायाच्या बोलण्यावर सरकारी बांध सरकत न्हाई. त्या दिवशी दादा अवेळीच घरी आला, गोठ्यात बसला, अन् मला सारं सांगून ढसाढसा रडला. अंगठा दावून म्हणत व्हता, "हा तोडून टाकू का, पंचे?" मी म्हणलं, "अंगठा काहून तोडतो? वैनीला ने अन् दाव. पाणी यायच्या आत दाव. चुलीत गेली ती रीत!" तो म्हणला, "दावतो. रजा मिळाली की दावतो."

पण नेलं का लगेच? न्हाई नेलं. आज रजा न्हाई, उद्या मुहूर्त न्हाई. मला ठावं हाय, त्याची हिंमत व्हत न्हवती. वैनी अडतीसची झाली व्हती तरी त्याच्या मनात तो कुशीचा किडा व्हताच. असा पावसाळा गेला, हिवाळा गेला. भर चैत्रात एक दिवस उठून म्हणला, "चल. दावतो." वैनी तवाच उठली. नवं लुगडं नेसली, ओटीत मूठभर मुरमुरे घेतले, एक खुळखुळा घेतला. तो खुळखुळा तिनं कुटं जपून ठिवला व्हता, मला आजवर ठावं न्हाई. मी बी संगं गेले.

वळणाला पोचलो अन् दादा थांबला. त्या जागंच्या दोन खुणा व्हत्या. एक ओढ्याकाठचं हिवराचं झाड, अन् एक समोरला काळा धोंडा, हत्तीएवढा. झाड मजुरांनी सरपणाला तोडलं व्हतं. धोंडा फोडून बांधाला लावला व्हता. भोवतालची माती गाढवांवर वाहून नेलेली. खड्डेच खड्डे. नकाशात एक टिंब जरी असतं ना, तरी शिवंच्या दगडापासून साखळी लावून जागा काढली असती. त्यानं दुसऱ्यांच्या अशा शंभर जागा काढून दिल्या व्हत्या.

लई वेळ गेला न्हाई. दोन-चार पावलं चालला, अन् बोट दावून म्हणला, "हितं."

वैनी तिथं बसली. मुरमुरे ठिवले, खुळखुळा ठिवला. अन् मंग तिनं जो हंबरडा फोडला, मजुरांनी हातातली कुदळ-पाटी खाली ठिवली. दादा पाठ करून उभा व्हता. त्या पावसाळ्यात तलाव भरला. पुढं दर नागपंचमीला वैनी काठावर जायची, पाण्यात मूठभर मुरमुरे सोडायची, अन् शांत घरी यायची. मला वाटलं, सुटली बिचारी.

सन अठ्ठेचाळीसच्या धामधुमीत, राज्य जायच्या आदल्या महिन्यात, दादा तापानं पडला. वैनी पाणी आणायला गेली तवा त्यानं माझा हात धरला. "पंचे, ती जागा ती न्हवती. मला गावलीच न्हाई. म्या कुटंबी बोट ठिवलं. लेकीचं बी खोटं बोललो, तिच्या आईशी बी खोटं बोललो. तिला सांगू नको." म्या शपथ वाहिली. तिसऱ्या दिवशी गेला.

तेरावं झालं. वैनी अंगणात मुरमुरे पाखडत बसली व्हती, पंचमी नुकतीच हुकली व्हती म्हणून. मला राहवलं न्हाई. म्या एवढंच म्हणलं, "वैनी, या वर्षी नको जाऊ तिकडं. दादा जाताना..."

"ती जागा न्हवती म्हणले ना?" ती सूप न थांबवता बोलली.

मी तिच्याम्होरं खाली बसले. "तुला सांगितलं दादानं?"

"सांगतील कशाला? त्यांनी मान वळवली न्हाई, वन्सं. ना इकडं, ना तिकडं. मीठ दावायला दोन खुणा बघणारा माणूस, लेकीची जागा एकदम बोट करून दावतो व्हय? तवाच कळलं."

"मंग बोलली काहून न्हाईस?"

"त्यांना एकदा तरी वाटावं, दावली म्हणून."

"अन् तू? तिथं बसून येवढी रडलीस ती?"

बनावैनीनं सूप खाली ठिवलं.

"बारा वर्षं उभ्यानं रडले, वन्सं," ती म्हणली. "कुटंतरी बसायचं व्हतं."