दुसऱ्याच्या सावलीतलं दुकान

आमच्या ऑनलाइन दुकानाची वेबसाइट ज्याच्याकडे बनवायला दिली, त्याला आईने खुशीने वाळलेल्या झिंग्यांची पुडी नेऊन दिली होती. ती अजून पायरीवर चप्पल शोधत होती, तेवढ्यात त्याने आपल्या एसी ऑफिसात सेंटचा फवारा मारला. आईने तो आवाज ऐकला, चपला पायात सरकवल्या आणि चालू लागली. मी मात्र तो गाठीला बांधून ठेवला.

पण गरज आमची होती. उन्हाळ्यात गावच्या मामा तलावाचं, म्हणजे जुन्या मालगुजारी तळ्याचं, पाणी उतरलं की जाळ्यात झिंगे येतात. आई ते वाळवून चामोर्शीच्या आठवडी बाजारात विकते. वासामुळे तिला बसायला जागा पार शेवटी, बैल बांधतात तिकडे. तिचे झिंगे नागपूर-पुण्याला गेलेल्या आपल्या लोकांपर्यंत पोचावेत आणि तिने त्या कोपऱ्यातून उठावं, एवढंच मला पाहिजे होतं.

दुकान इंटरनेटवर ठेवायला जागा भाड्याने घ्यावी लागते, तिला होस्टिंग म्हणतात, हे मी वाचलं होतं. त्याला विचारलं.

"बाई, तुमाले काऊन पायजे थे डोकेदुखी? माह्या सर्व्हरवर टाकून देतो. झिंग्याच्या दुकानाले जागा लागते किती?"

आईला सांगितलं, तर ती म्हणाली, "बाजारात कोनाच्या ताडपत्रीखाली टोपली ठेवू नये वो. ज्याची सावली, त्याचा पयला डोळा." मी हसले. ताडपत्रीचा आणि सर्व्हरचा काय संबंध!

तो मृग लागल्यावर कळला. मृगात आपल्या लोकांना झिंगे आठवतात, तशा ऑर्डरी धो धो आल्या. आणि मागोमाग आमची पार्सलं परत येऊ लागली. फोन केला तर नागपूरच्या एका बाईंनी मलाच झापलं, "कालच तर घेतलं तुमचं पार्सल, पैसेही दिले. अर्धी रेती होती त्यात."

आईच्या झिंग्यांत रेती? ती दोनदा पाखडल्याशिवाय पुडी बांधत नाही. मग माझ्या डोक्यात उजेड पडला. दुकान त्याच्या सर्व्हरवर, किल्ली त्याच्या हातात. प्रत्येक ऑर्डर माझ्याबरोबर त्यालाही दिसत होती. कुठला तरी हलका माल उचलून तो आमच्या नावाने आमच्याआधी पार्सल धाडत होता. वास नको होता, त्या वासाचे पैसे बरे चालत होते मेल्याला.

मी भांडायला गेले नाही. भांडणाने माझं मन भरलं नसतं. आधी स्वतःची जागा बघितली. कंपन्यांना फोन लावत सुटले. 'अनलिमिटेड' म्हणणाऱ्यांना सोडून दिलं. अनलिमिटेड तर आमचा तलावही नाही. मी विचारायची, खातं कोणाच्या नावावर राहील? ऑर्डरी अजून कोणाला दिसतील? रोजचा बॅकअप मला उतरवून घेता येईल का? मृगात गर्दी झाली तर जागा वाढवून द्याल का? एका ठिकाणची मुलगी म्हणाली, "ताई, तुमचं दुकान लहान आहे, मोठा प्लॅन घेऊ नका." गिऱ्हाइकाला कमी घ्या म्हणणारी विक्रेती मी पहिल्यांदा पाहिली. तरी तिच्याकडे आधी एक पान चाचणीला टाकलं आणि धानोऱ्याला मावशीच्या गावी, जिथे रेंज येते न येते, तिथे साध्या मोबाइलवर उघडून पाहिलं. फोटोसकट उघडलं. मग खातं माझ्या नावावर काढलं, दुकानाला नवं नाव घेतलं आणि जुन्या गिऱ्हाइकांना एकेक करून फोन केले.

जुनं दुकान मात्र बंद केलं नाही. त्याच्या सावलीत उघडंच ठेवलं आणि स्वतःच तिथली गिऱ्हाईक झाले. नसलेल्या गल्ल्या, नसलेल्या सोसायट्या, बंद पडलेल्या सिमांचे नंबर. पैसे पार्सल मिळाल्यावर. किलोकिलोच्या ऑर्डरी टाकल्या. वाईट वाटलं का? अजिबात नाही. मजा आली.

लोभी माणूस पत्ता तपासत नाही. भर आषाढात त्याची पार्सलं भिजून परत आली आणि ऑफिसात साठली. मी मुद्दाम त्या रस्त्याने गेले. एसी बंद, खिडक्या सताड उघड्या, आणि तो नाकाला रुमाल लावून पायरीवर उभा.

"बाई, तुमी हे बरं नाई केलं," तो म्हणाला.

"काय केलं भाऊ? माह्या दुकानात कोनाची ऑर्डर आली, थे तुमाले कसं माहीत?"

रुमाल तेवढा पुन्हा नाकाला लागला.

घरी येऊन आईला सगळं सांगितलं, तर ती माझ्यावरच भडकली. "त्याले हानाचं होतं त हानतीस! झिंगे काऊन सडवले?" तलावातलं वाया गेलेलं तिला कोणाचंच खपत नाही. सूप ओढून ती झिंगे पाखडू लागली.

मग वर न पाहता म्हणाली, "फवारा मारला काय त्यानं?"

"मारला असंल."

"जाते काय वास?"

"नाई जात."

आईने सूप खाली ठेवलं. "उद्या मले त्या रस्त्यानं घेऊन चाल," ती म्हणाली. "पायरीवर जराशी उभी राह्यतो."