घोंगडीवाल्याचा फोटो
कच्च्या लोकरीचा वास आला की मला सात रस्ता चौकामागची आमची गल्ली आठवते. दरवर्षी येणाऱ्या घोंगडीवाल्या काकांना एका दुपारी लोकांनी घेरलं होतं, कारण मुलं पळवणारा म्हणून त्यांचा फोटो सगळ्यांच्या मोबाइलवर फिरत होता. आई गर्दीत घुसून त्यांच्यापुढे उभी राहिली. "मी वळखते ह्यांना, लई वर्षं येत्यात की." "मग फोटो खोटा हाय व्हय, मावशी?" एकानं विचारलं. "फोटो खरा हाय, खाली लिवलंय ते खोटं हाय." लोक कुरकुरत पांगले. आईनं काकांना पाणी दिलं. "ताई, ह्या समद्यांच्या मोबाइलमधनं माझा फोटू काढून टाकता येतो का?" त्यांनी विचारलं. आज मी मोबाइल दुरुस्तीचं दुकान चालवतो, पण त्यांना काय सांगावं हे मला अजूनही सुचत नाही.