टिकटिक थांबली तेव्हा

आबांना झटका आला आणि आम्ही त्यांना बीडच्या एका दवाखान्यात आयसीयूत ठेवलं. दाराजवळचीच खाट. छातीला चिकटवलेल्या वायरी, उशाशी मॉनिटर आणि ठोक्यागणिक त्याची टिकटिक. माय दाराबाहेर सतरंजी टाकून बसली ती उठेचना. मी जेवायला बोलावलं की हातानंच गप्प करायची. तिला आतलं काही दिसत नव्हतं, ऐकू तेवढं येत होतं. तो आवाज म्हणजेच आबा, असं तिनं धरून ठेवलं होतं. मलाही तेच वाटायचं, पण मी पडले शिकलेली, बोलायची सोय नव्हती.

भाऊ ऊसतोडीला कोल्हापूरकडं गेला होता. मुकादमाशी भांडून तो निघाला होता, आणि आबा सारखं त्याचंच विचारत होते. तो येईपर्यंत टिकू दे, एवढंच मागणं उरलं होतं.

दुपारी टिकटिक थांबली. आबांना झोप लागेना म्हणून सिस्टरनं आवाज बंद केला होता. मी खाली औषधं आणायला गेले होते. मायनं कुणाला विचारलं नाही. हंबरडा फोडला आणि गावी, उमापूरला, चुलत्यांना फोन लावला. मी वर येईस्तोवर गावच्या ग्रुपवर आलंसुद्धा, ‘पोरगा आल्यावर माती.’ आमच्याकडं अंत्यविधीला मातीच म्हणतात.

आत आबा पाणी मागत होते. मी मायवर अशी खेकसले की सिस्टर बाहेर आली. चुलत्यांना लगेच खरं काय ते कळवलं. पण भावाला कुणीतरी आधीच मातीचं सांगितलं होतं, आणि आता त्याचा फोन बंद. तो बीडवरूनच पुढं गावाकडं गेला. दवाखाना हाकेच्या अंतरावर असताना गाडीतून उतरलासुद्धा नाही. मला नुसतं डोकं आपटावंसं वाटत होतं.

संध्याकाळी आबांच्या खाटेभोवती सगळे धावले. डॉक्टरांनी बराच वेळ छाती दाबली, मग हात काढून घेतले. या वेळी पडद्यावरची रेघ मी स्वतः पाहिली.

मी चुलत्यांना फोन केला. आबा गेले, एवढंच सांगितलं.

“पक्कं का, बाई? मशीन बगितली का?”

हो म्हणायला तोंड उघडलं, तेवढ्यात फोनमध्ये त्यांच्या मागं मोटरसायकल सुरू झाल्याचा आवाज आला, आणि त्याच्यावरून भावाचा. कितीतरी दिवसांनी तो हसत होता.

“ताईचा हाय का? आबाला सांग म्हणावं, मी निगालोय.”