गाद्यांची राखणदार लेक आणि तिचा जळकुकडा बाप

खरं सांगायचं तर मी कोकणात समुद्र बघायला गेलो नव्हतो. मला एक माणूस बघायचा होता.

माझी मुलगी अश्विनी, घरात अशू, प्राणीशास्त्रात एम.एस्सी. झाली आणि गेल्या दिवाळीनंतर रत्नागिरी जिल्ह्यात एका खाडीच्या तोंडाशी नोकरीला लागली. तिथे मोठी जेटी बांधतायत. बांधकाम चालू असताना तिथल्या डॉल्फिनना इजा होऊ नये यावर लक्ष ठेवायचं, हे तिचं काम. प्रकल्पाला परदेशी बँकेचं कर्ज आहे आणि असा माणूस ठेवलाच पाहिजे ही त्या बँकेची अट. नाशिकमध्ये कुणाला हे सांगितलं की समोरचा आधी हसतो, मग पगार विचारतो.

नोकरीबद्दल माझी तक्रार नव्हती. तक्रार होती रविवारच्या फोनची. अशू ज्यांच्या घरी राहते त्या होडीवाल्या घरमालकांना ती 'बाबा' म्हणायला लागली होती. बाबांनी आज वल्हं मारायला शिकवलं. बाबांनी माझ्यासाठी सुरमईचा मोठा तुकडा ठेवला. बाबा म्हणतात, ऊन लागलं की कोकमाचं सरबत प्यायचं. मला ती पप्पा म्हणते, तेव्हा 'बाबा' ही जागा आमच्या घरात रिकामी होती हे कबूल. पण म्हणून ती कुणी भरायलाच हवी होती का? फोन ठेवल्यावर माझी बायको माझ्या तोंडाकडे बघून हसायची. जानेवारीतल्या अशाच एका रविवारी ती म्हणाली, "इथे बसून जळण्यापेक्षा जाऊन या एकदा."

गेलो.

नाशिकहून जाणाऱ्यांसाठी रस्ता सांगून ठेवतो. मी सकाळी नाशिकच्या द्वारका चौकात मालेगावहून येणारी पनवेलची एसटी धरली. सायखेड्याचा माझा मेहुणा मोटारसायकलवर द्राक्षांची पेटी घेऊन तिथेच आला होता. हंगामाची पहिली द्राक्षं, अशूसाठी. कसारा घाटापर्यंत पेटी मांडीवर, पुढे पायाशी. पनवेलला उतरून चिपळूणची गाडी मिळते, पण तिला गर्दी फार, चढताना अंगात जोर हवा. वडखळपर्यंत रस्ता म्हणजे नुसते ट्रक आणि धूळ. महाडच्या पुढे झाडी लागते आणि कशेडी घाटात गार वारा आला की वाटेतल्या सगळ्या शिव्या मागे घ्याव्याशा वाटतात. एका दिवसात खाडीपर्यंत पोचायचा हट्ट करू नका. चिपळूणला स्टँडजवळ साध्या लॉजमध्ये मुक्काम करा. भाडं आपल्या नाशिकच्या सीबीएस स्टँडजवळच्या लॉजपेक्षा कमी आणि चादरी जास्त स्वच्छ.

दुसऱ्या दिवशी सकाळची लाल गाडी मला खाडीवर घेऊन गेली. गावाचं नाव लिहीत नाही. अशूला अजून तिथे काम करायचं आहे.

स्टँडवर ती न्यायला येईल अशी माझी कल्पना होती. आला तो साठीचा, काटक, उघड्या अंगावर टॉवेल टाकलेला माणूस. त्याने माझ्या हातातली पेटी घेतली आणि म्हणाला, "पोर कामावर हाय. मी रघुनाथ." म्हणजे हाच तो. मी त्याला नमस्कार केला आणि पेटी परत माझ्या हातात घेतली. घरापर्यंत तो बोलत होता आणि मी पेटी सांभाळत होतो.

जेटीवरून अशू दिसली. पाण्यात उभ्या केलेल्या लोखंडी मचाणावर, डोक्याला टोपी, गळ्यात दुर्बीण, उन्हाने काळी पडलेली. मी हात हलवला. तिनेही हलवला आणि पुन्हा दुर्बीण डोळ्याला लावली. खाली आली ती दुपारनंतर. मला मिठी मारली, पेटी उघडून द्राक्षांचा पहिला घड काढला आणि नेऊन दिला रघुनाथभाऊंना. "बाबा, खाऊन बघा, नाशिकची." मी तिथेच उभा होतो.

जेवताना आणखी एक गोष्ट मनाला लागली. पोरीने माशाचा काटा असा काढला की बघत राहावं. आमच्या मखमलाबादच्या घरात तिने मासा कधी हुंगलाही नव्हता. रघुनाथभाऊंची बायको तिला वाढत होती, तिघं हळू आवाजात काहीतरी बोलत हसत होती आणि मला त्यातलं काही ऐकू येत नव्हतं. मी सातपूरला एका कारखान्याच्या प्रेसशॉपमध्ये नोकरी केली. दिवसभर पत्र्यावर आदळणाऱ्या यंत्रांपाशी उभं राहून माझा डावा कान गेला. घरी अशू नेहमी माझ्या उजव्या बाजूला बसते. त्या दिवशी ती डावीकडे बसली होती. इतक्या महिन्यांत विसरली असेल. मी आमटी मागून घेतली.

संध्याकाळी तिने मला किनाऱ्यावर नेऊन काम समजावलं. जेटीसाठी समुद्राच्या तळात जाड लोखंडी नळ ठोकतात. बार्जवर, म्हणजे सपाट तराफ्यावर, क्रेन आणि क्रेनला अवजड घण. तो आवाज हवेत जितका जातो त्याच्या कितीतरी पट पाण्यात जातो. इथल्या डॉल्फिनला गावातले लोक गादा म्हणतात. खाडीच्या गढूळ पाण्यात गाद्याला डोळ्यांनी फारसं दिसत नाही. तो कानाने वाट काढतो, कानाने मासा शोधतो, पिल्लूही आईला आवाजानेच सापडतं. त्याचे कान गेले तर तो गेला. म्हणून नळाभोवती दूरवर पाण्यावर तरंगणाऱ्या लाल बोयांचं रिंगण टाकलंय. घण सुरू करण्याआधी बराच वेळ पाणी न्याहाळायचं. सुरुवात हलक्या ठोक्यांनी करायची, म्हणजे जवळपास कुणी असेल तर त्याला निघून जायला वाव मिळतो. आणि रिंगणात गादा दिसला की अशूने लाल निशाण वर करायचं. मग सगळं बंद.

"सगळं म्हणजे?" मी विचारलं.

"सगळं. क्रेन, घण, माणसं. ते निघून जाईपर्यंत."

ती हे सहज बोलली. मी वाळूत बसून राहिलो. आमच्या प्रेसशॉपमध्ये कान दुखतो म्हणून कुणी यंत्र थांबवल्याचं मला आठवत नाही. कापसाचे बोळे मिळायचे, तेही मागितले तर. आणि इथे एका माशासाठी, हो, मासा नाही ते मला माहीत आहे, अशूने शंभरदा सांगितलंय, पण त्याच्यासाठी अख्खी क्रेन हात जोडून उभी राहते. होडीवाल्यावर मी जळत होतोच. त्या संध्याकाळी मी गाद्यांवरही जळलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहाच्या टपरीवर साइट इंजिनिअर भेटला. देवरे त्याचं आडनाव, सटाण्याकडचा. नाशिकचं कुणी आलंय म्हटल्यावर स्वतःहून जवळ आला आणि बोलता बोलता अहिराणीवर येऊन 'आहे'चं 'शे' करायला लागला. इतक्या लांब ते ऐकून बरं वाटलं. भजी त्यानेच मागवली. मग हळूच मुद्द्यावर आला. काम मागे पडलंय, भरतीच्या वेळा हातातून जातात आणि मॅडम जरा पाणी हललं की निशाण वर करतात. मॅडम हुशार आहेत, तो म्हणाला, पण इथे उन्हात किती दिवस वाळणार? कंपनीचं नाशिकला ऑफिस आहे. तिथे पर्यावरणाचे अहवाल बघायला माणूस हवाय. पंख्याखाली खुर्ची, पगार जास्त, रोज घरचं जेवण. तो शब्द टाकायला तयार होता. फक्त पुढचे काही दिवस मॅडमनी थोडं समजून घ्यावं.

"तुम्ही सांगितलं तर ऐकतील त्या, काका."

लाच कशी दिसते हे मला कळत होतं. तरी त्या चहाबरोबर मी ती पोटात उतरवली. अशू घरी. संध्याकाळी माझ्यासमोर ताटावर. रविवारचे फोन बंद, 'बाबा' बंद. बघतो, असं मी त्याला म्हणालो.

त्याच दुपारी अशू मला मचाणावर घेऊन गेली. कुणी विचारलं असतं तर परवानगी नव्हती, पण देवरेने स्वतःच मान हलवली. तो बार्जवर उभा होता, आमच्यापासून हाकेच्या अंतरावर. रघुनाथभाऊ होडीतून रिंगणाच्या पलीकडच्या बाजूला फिरत होते. अशूने पाणी पाहून घेतलं, वॉकी-टॉकीवर होकार दिला आणि घणाचे हलके ठोके सुरू झाले. मचाण पायाखाली थरथरत होतं. अशूची दुर्बीण खाडीच्या तोंडाकडे होती, कारण गादे येतात ते बहुतेक तिकडूनच.

मी दुसरीकडे बघत होतो. किनाऱ्याच्या बाजूने, एका लाल बोयाच्या आतल्या अंगाला, पाण्यातून एक राखाडी पाठ वर आली. तिच्यावर उंटाच्या वशिंडासारखा उंचवटा. पाठ वळली आणि खाली गेली. तिच्या मागे आणखी एक, लहान.

मी देवरेकडे पाहिलं. तो माझ्याकडेच बघत होता. त्यालाही दिसलं होतं की नाही ते मला आजही सांगता येणार नाही. त्याने फक्त हाताचा पंजा किंचित खाली दाबला, आपण 'राहू दे' म्हणताना करतो तसा.

मी लगेच बोललो असं लिहिलं तर ते खोटं होईल. दोन-तीन ठोके मी गप्प राहिलो. डोळ्यांसमोर नाशिकची खुर्ची होती. मग घणाचा जोर वाढला, आवाज चढला आणि माझा डावा कान, ज्याला काही ऐकू येत नाही, तो आतून दुखायला लागला. तसा तो प्रेसशॉपमध्ये दुखायचा. मी अशूचा दंड धरला.

"अशू, तिकडे. बोयाच्या आत."

तिने वळून पाहिलंसुद्धा नाही, आधी निशाण वर केलं. घण थांबला. क्रेनवाला हात सोडून बसला. इतकी शांतता झाली की होडीच्या फळीवर आपटणारं पाणी मलाही ऐकू आलं. गादे पुन्हा वर आले, मोठी पाठ आणि तिला चिकटून लहान. रिंगणातून तिरके निघाले आणि बऱ्याच वेळाने बाहेर पडले. तोवर कुणी काही केलं नाही. मीही केलं नाही.

अशूचा चेहरा उजळला होता. मला वाटलं आता माझ्याकडे वळेल. ती कठड्यावरून वाकली आणि होडीकडे बघून ओरडली, "बाबा, पप्पांना दिसले! पिल्लू होतं!"

होडीतून रघुनाथभाऊंनी दोन्ही हात वर केले. माझ्यासाठी. मीही एक हात वर केला. न करून करणार काय?

संध्याकाळी मी तिला देवरेचं सगळं सांगितलं. सांगताना नोकरीची बाजू जरा जास्तच लावून धरली हेही कबूल करतो. पगार, घर, तिची आई. ती ऐकत होती. मग म्हणाली, "पप्पा, ती नोकरी त्याने मला देऊच केली नव्हती. तुम्हाला दिली होती."

"तू घरी आली असतीस."

"आले असते. आणि मग रोज तुमच्यासमोर जेवताना मला ते पिल्लू आठवलं असतं." पुढे ती म्हणाली, "पावसाळ्यात समुद्रातलं काम बंद असतं. तेव्हा येईन."

तिने सोलकढीची वाटी माझ्यापुढे सरकवली. कोकणात गेलात तर हॉटेलातली पिऊ नका, कुणाच्या तरी घरची मिळवा.

निघायच्या सकाळी देवरे टपरीवर होता. त्याने "नमस्कार, निघालात का" असं स्वच्छ शुद्ध मराठीत विचारलं आणि पेपर वाचायला लागला. पिशवी घेऊन स्टँडवर आले रघुनाथभाऊ. अशू कामावर होती. गाडीला वेळ होता. मी त्यांना विचारलं की जेटी झाल्यावर ते काय करणार, कारण जिथे खांब उभे राहतायत तिथे पूर्वी त्यांचं जाळं पडायचं. बघू, म्हणाले. मग गाडीच्या वाटेकडे बघत म्हणाले, "तुमची ती जन्माची. आमची जेटी पुरी होईस्तोवर."

त्यात तक्रार नव्हती. पण मला ओळख पटली. हा माणूसही जळत होता, माझ्यावर, आणि माझ्यापेक्षा कितीतरी चांगल्या रीतीने. मी त्यांना नाशिकला यायचं बोलावणं दिलं आणि ते देताना ते खरंच येतील की काय अशी धास्तीही वाटली.

परतीचा रस्ता तोच, धूळ तीच. घरी बायकोने विचारलं, कसा आहे माणूस? चांगला आहे, असं मी म्हणालो, आणि चांगला असण्याचाच जास्त त्रास होतो हे तिला न सांगताही कळलं.

लोक विचारतात, सहलीतून काय आणलं. फोटो काढायला कॅमेरा नेला नव्हता. काजू आणले होते, ते संपले. राहिला तो हेवा, पण त्याची धार जरा गेली आहे. होडीवाल्याचा वाटतो, गाद्यांचा वाटतो, आणि आता अशूचाही वाटतो. मी नोकरीची सगळी वर्षं यंत्रापुढे उभा होतो. ते थांबवायचं निशाण माझ्या हातात कुणी दिलं नाही. तिच्या हातात आहे आणि ती ते वर करते.

जुलैत ती आली. एका दुपारी ती स्वयंपाकघरात आईजवळ बसली होती आणि हॉलमधला फोन वाजला. रघुनाथभाऊ होते. तिकडे पाऊस कसा आहे, होडी ओढून ठेवली का, गादे दिसतात का, मी विचारत गेलो. त्यांनी नाशिकचं विचारलं, माझ्या कानाचं विचारलं. ते त्यांना कुणी सांगितलं असेल हे उघड होतं. अशू कधीची दारात येऊन उभी होती, फोनसाठी हात पुढे करून. मी तिला मान हलवून थांब म्हटलं आणि बोलत राहिलो.