फिकट दिसणाऱ्या फायली

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. आधी घटना, मग तपशील — अशी बातमी लिहायला शिकलो. इथे मात्र घटनेपाशी यायला वेळ लागतोय. स्वतःची किळस येते.

अंबाजोगाईतल्या एका छोट्या दैनिकात मी उपसंपादक होतो. पानं लावायच्या सुलभाताई. घाटनांदूरहून सकाळच्या एसटीने यायच्या. राहिलेलं काम घरी पुरं करून पेनड्राइव्हवर आणायच्या. त्यांच्या गल्लीत संगणकावर नोकरी करणारी दुसरी बाई नव्हती, हे त्या वरचेवर सांगत.

मला नीटनेटकेपणाची हौस. धारूर, केज, परळी — प्रत्येक तालुक्याच्या फोल्डरला मी वेगळं चित्र दिलं होतं. असं चित्र दिलं की संगणक त्या फोल्डरात ‘डेस्कटॉप डॉट आयएनआय’ नावाची लपलेली फाइल ठेवतो. दोन-तीन ओळींची. फोल्डर कसा दाखवायचा, एवढंच तिच्यात असतं. अपाय काही नाही. हे मला तेव्हाही ठाऊक होतं — ध्यानात ठेवा.

दिवाळी पुरवणी छपाईला जायच्या दिवशी मी जागा करायला म्हणून काही जुने फोल्डर उडवले, रिसायकल बिनही रिकामी केली. त्यात पुरवणीची तयार पानं गेली. ताईंचं आठ दिवसांचं काम. घाबरून शोधताना लपलेल्या फायली दाखवायची सेटिंग चालू केली, तेवढ्यात संपादक मागे येऊन उभे राहिले. पानं कुठेच नव्हती. तालुक्यांच्या प्रत्येक फोल्डरात ती एरवी लपलेली फाइल मात्र आता फिकट रंगात दिसत होती. हे काय आहे, त्यांनी विचारलं.

“व्हायरस आहे. पुरवणीची पानं यानेच खाल्ली. ताईंच्या पेनड्राइव्हमधून आलाय.”

एवढं सोपं असतं? असतं.

“म्या काय बी आणलं न्हाई, साहेब,” ताई म्हणाल्या. “थांबा, समद्या काढून दावते.”

दुपारभर त्या एकेक फोल्डर उघडून फाइल पुसत राहिल्या. चित्रं गेली, फोल्डर पुन्हा पिवळे झाले. त्या पाणी प्यायला उठल्या — इथवर मी फक्त खोटं बोललो होतो. मग त्यांच्या खुर्चीत बसलो. तीन फोल्डरांना परत चित्रं दिली. तीन फायली परत आल्या. संपादकांना बोलावून दाखवल्या. पुसूनही येतोय, म्हणालो.

कशासाठी? भीती तर केव्हाच गेली होती. मला खात्री हवी होती, की कुणी पुन्हा विचारणार नाही.

उद्यापासून येऊ नका, असं ताईंना सांगण्यात आलं. त्या गेल्यावर मी चित्रं काढली, फायली पुसल्या. अर्थात, त्या परत आल्या नाहीत. व्हायरस घालवला म्हणून संपादकांनी सगळ्यांसमोर माझं नाव घेतलं. मी ते घेऊ दिलं.

गेल्या वर्षी धारूरच्या स्टँडवर ताई भेटल्या. सोबत मुलगी होती. तिला कॉम्प्युटरचा क्लास लावायचा होता, पण ताईंनीच नको म्हटलं होतं. आपल्या हातून एवढं नुकसान झालं, परत कशाला, म्हणाल्या. मग माझ्याकडे बोट दाखवलं.

“हेच ते सर. माझ्याकडून व्हायरस आलता, यांनी काढलता.”

मुलीने नमस्कार केला. मी मान हलवली आणि एसटीत जाऊन बसलो.