सलीमभाईंचा पेला

सलीमभाई गेल्याची बातमी मला कारखान्याच्या बसमध्ये कळली. मागच्या सीटवरून कुणीतरी म्हणालं, "ते लीकेजवाले सलीमभाई... गेले ना. हार्ट अटॅक." बस चालतच राहिली.

चंद्रपूरजवळच्या आमच्या वसाहतीत ते माझे शेजारी. मी शाळेत मराठी शिकवतो. ते नदीवरून कारखान्यात पाणी आणणाऱ्या पाइपलाइनचे सेन्सर सांभाळायचे. पाणी निसटलं की दाब उतरतो, पाइपात बारीक आवाज होतो. सेन्सर तो टिपतात आणि पडद्यावर त्या टप्प्याचा हिरवा दिवा लाल होतो. ऐकण्याची ही सवय त्यांना इतकी जडली होती, की वडशाला झाडीपट्टीचं नाटक बघताना ऐन रडण्याच्या प्रवेशात ते माझ्या कानाशी लागले, "गुरुजी, स्पीकर फाटून राह्यला इसका."

सेन्सर बसले आणि पहिला लाल दिवा लागला तो जंगलाकडेच्या एका गावापाशी. तिथल्या व्हॉल्व्हमधून गळणाऱ्या धारेवर अख्खं गाव पाणी भरायचं. दुसरं पाणी म्हणजे लांबचा नाला. सलीमभाई कारखान्याच्या साहेबांना म्हणाले, आधी गावाला नळ द्या, मग गळती बंद करतो. साहेब म्हणाले, आधी बंद करा, नळ लगेच देऊ. सलीमभाईंनी विश्वास ठेवला. गावाला स्वतःच्या तोंडाने नळाचं सांगितलं आणि व्हॉल्व्ह बदलला. दिवा हिरवा झाला. नळ आला नाही.

ते विचारत राहिले. साहेब बदलले, उत्तर बदललं नाही. उन्हाळ्यात, अजून मागतोय एवढं तरी सांगावं म्हणून ते गावात गेले. मी सोबत होतो. व्हॉल्व्हला लागूनच शेवंताबाईंचं घर. त्यांच्या अंगणात पाहुणा टेकायच्या आत पाणी पुढे यायचं. त्या दिवशी आलं नाही. "काऊन आले भाऊ? आता काय बंद कराचं राह्यलं?" एवढंच त्या म्हणाल्या. त्यानंतर सलीमभाईंनी कुणाच्याही घरी पाणी घेतलं नाही. संध्याकाळी माझ्याकडे यायचे, मी पेला ठेवायचो, ते गप्पा मारून उठायचे... पेला तसाच.

शोकसभेत साहेब म्हणाले, सलीमभाईंनी एक थेंब वाया जाऊ दिला नाही. लोकांनी टाळ्या वाजवल्या. शोकसभेत.

मागच्या आठवड्यात मी शेवंताबाईंना सांगायला गेलो. "कोन, तो पाइपवाला?" त्यांनी विचारलं. मग आत गेल्या आणि काठोकाठ भरलेला पेला घेऊन आल्या. "त्याले नाई देल्लं म्या. तुमी प्या."

नाल्यावरून डोक्यावर आणलेलं गढूळ पाणी. मी ते प्यायलो. अंगणामागून पाइप जात होता. सलीमभाईंचं काम चोख होतं. व्हॉल्व्हखालची माती कोरडीठाक होती.